कंसातला 'ए'

आमच्या इमारतीमागे लग्नाचं लॉन आहे. मधे कंपाउंडची एक भिंत, बस. संध्याकाळी साडेपाचला 'हॅलो, माईक चेक' सुरू होतं आणि सातला संगीत. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरातलं ताटाळं वाजायला लागतं.

गाणं कुठलं ते कळत नाही हो. शब्द नाहीत, चाल नाही, नुसतं धम्म धम्म. खिडकी लावली की वरचे स्वर काचेपाशी अडतात, बेस मात्र भिंतीतून येतो. 50 हर्ट्‌झच्या लहरीची लांबी सात मीटरच्या आसपास असते. आमची भिंत नऊ इंची. ती बिचारी काय अडवणार? ताटांमध्ये फडकी कोंबली, तर वरणावरची ताटली थरथरायला लागली. माणसाने जेवायचं कसं, सांगा.

म्हणून नियम वाचले. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000. निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत मर्यादा 55 डेसिबल, रात्री 45. पण दिवसा तक्रार करायची तर आवाज मर्यादेच्या किमान 10 डेसिबल वर हवा, म्हणजे 65. आणि डेसिबल काही रुपयांसारखे मोजायचे नसतात. दहा वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. एवढं सोसल्यावर आपण तक्रारदार!

तेही मान्य केलं असतं. खरा अन्याय पुढेच आहे. नियमांत डेसिबलपुढे कंसात 'ए' हे अक्षर आहे. त्याचा अर्थ, कानाला कमी जाणवणारे खालचे स्वर मोजताना वजावट द्यायची. 63 हर्ट्‌झला ही वजावट 26 डेसिबलची. म्हणजे त्या पट्टीतली 90 डेसिबलची थाप कागदावर भरते 64. एका डेसिबलने आपली तक्रार बाद. पण ताटाळ्याला कुठे कान आहेत? ते पूर्ण 90 सोसतं, आणि त्याच्या शेजारी आम्ही.

गेल्या महिन्यात अर्ज दिला. मोजणीला एक साहेब आले, सज्जन माणूस. स्वयंपाकघरात उभे राहिले. माझं बोलणं ऐकू यावं म्हणून त्यांनी स्वतः ताटाळ्यावर हात दाबून धरला. आकडा आला 61.

यंत्रावर 'ए' आणि 'सी' असं बटण होतं. 'सी'मध्ये बेसला जवळजवळ वजावट नसते, हे मी वाचून ठेवलं होतं. म्हटलं, "साहेब, एकदा 'सी' लावून बघा ना."

त्यांनी लावलं. 61 चे 84 झाले. आम्ही दोघांनी तो आकडा पाहिला.

"काका," ते म्हणाले, "अहवालात 'ए'च लिहावा लागतो." आणि ताटाळ्यावरचा हात काढला.