पाच हजार वॅट आणि बेलची वायर

अहो, ऐकलंत का? या ना जरा अशा, पारिजातकाच्या आडोशाला. मघाच्या जागी उभं राहिलं की कोपऱ्यावरच्या काकूंना ओट्यावरून सगळं दिसतं. हं, आता ठीक.

काल संध्याकाळी गाणी ऐकलीत की नाही? काय गोड आवाज, आणि खिडकीची एक काच हादरली नाही. मला आधी वाटलं, काकांचीच गाडी दुरुस्त होऊन आली. पण ती तर पंधरा दिवस कव्हर पांघरून उभी आहे. का उभी आहे ते सांगायला नको, ते स्पीडब्रेकरचं प्रकरण. पण आतली गोष्ट कुठे माहीत आहे तुम्हाला?

काकांनी वूफर आणला तेव्हा खोकं हातात घेऊन अख्खी गल्ली फिरले होते. '५००० वॅट!' म्हणून. आपल्या वीज मंडळातून रिटायर झालेल्या आजोबांनी चष्मा लावला, खोकं उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. आरएमएस २५०. म्हणाले, "अहो, पुढचा आकडा गिऱ्हाइकासाठी असतो, मागचा खरा." काकांचं तोंड असं झालं... जाऊ दे. काकू तर लगेच दूध उतू जातंय म्हणून आत गेल्या. सकाळी अकरा वाजता कसलं हो दूध!

बरं, वूफरला एवढे पैसे घातले आणि वायर कुठली? घराच्या बेलची उरलेली! माळ्यावर गुंडाळी पडली होती म्हणे. बॅटरी पुढे, वूफर मागे डिकीत, मधे इंजिनाचा पत्रा. त्या पत्र्याच्या भोकातून वायर तशीच ओढली. भोकाला रबराचं बूच नाही, बॅटरीजवळ फ्यूज नाही. म्हणाले, "वूफरच्या आत आहे की फ्यूज." अहो, तो वूफरला वाचवणार, मधल्या पाच मीटर वायरला कोण वाचवणार? बारशाला निघाले, काकू पैठणीत, आणि चौकातल्या स्पीडब्रेकरवर पत्र्याच्या कडेनं वायर कापली. बॅटरीचा प्लस सरळ गाडीच्या अंगाला. बॉनेटमधून धूर! गाडी बंद केली तरी धूर थांबेना, बॅटरी कुठे बंद होते? शेवटी एका रिक्षावाल्यानं पक्कडीनं वायर तोडली. पैठणीला अजून जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, असं काकू स्वतः म्हणाल्या. मला नाही, भाजीवालीला.

तर काय सांगत होते... हां, कालची गाणी. ती समोरच्या वहिनींच्या बंटीची. त्याच्या आजोबांची जुनी वॅगन-आर आहे ना, तीच. त्यानं घरच्या घरी, पार्किंगमध्ये बसून टेप, चार स्पीकर आणि अँप बसवला. दुकानात विचारायला गेला होता आधी. नुसत्या फिटिंगचा आकडा ऐकला आणि घरी आला. वहिनी म्हणाल्या, "तू करणार? तुला घरातला बल्ब बदलता येत नाही." त्यालाही लागलंच असणार. दुसऱ्या दिवशी वीज मंडळवाल्या आजोबांना स्कूटरवर मागे बसवून गेला तपकीर गल्लीत, वायरी आणि सामान घ्यायला. आजोबा इतके खूश, इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

जाताना स्कूटरवरच हिशेब सांगितला म्हणे त्यांनी. घरातला पंचाहत्तर वॅटचा पंखा २३० व्होल्टवर चालतो, तो जेमतेम पाव ते अर्धा अँपिअर खातो. तेवढेच वॅट गाडीतल्या १२ व्होल्टवर हवे असतील तर सहा अँपिअर. व्होल्ट कमी, म्हणून करंट जास्त, म्हणून वायर जाड. मला पहिल्यांदा कळलं बाई. बंटीचा अँप म्हणजे पन्नास वॅटचे चार चॅनल, खरे, आरएमएस. जवळजवळ तेवढीच वीज उष्णतेत जाते, तेव्हा बॅटरीकडून चारशेएक वॅट ओढणार. म्हणजे तीस अँपिअर! म्हणून फ्यूज तीसचा आणि वायर आठ गेजची. आणि गेजचं उलटं असतं हो, आकडा वाढला की वायर बारीक. आपल्या विणायच्या सुया नाहीत का, बारा नंबरची बारीक, आठची जाड? अगदी तस्सं. मी हे बंटीला सांगितलं तर बघतच राहिला.

आता खरी मजा. एका दुकानात जाडजूड लाल वायर दाखवली, भाव निम्मा. बंटी लगेच पाकीट काढायला लागला. आजोबांनी वायर हातावर तोलली. "हलकी आहे." खिशातून ब्लेड काढलं (ब्लेड घेऊन कोण हिंडतं हो?) आणि एक तार खरवडली. वरून तांबं, आतून पांढरी! अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानदार म्हणाला, "आजोबा, सगळे हीच नेतात." आजोबा म्हणाले, "मग त्यांनाच द्या." तांब्याची जास्त पैसे देऊन घेतली, पण मापानं, फक्त लागेल तेवढी.

आणि काटकसर कुठे केली ऐका. मल्टिमीटर साधा, अडीचशेच्या आतला. बारा व्होल्ट आहेत की नाहीत एवढंच बघायचं, त्याला भारी कशाला? डॅशबोर्ड उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, त्याही स्वस्तातल्या. त्या नंतर आणल्या बरं का. आधी वहिनींचं लाकडी उलथनं वापरलं होतं. धिरडी करायला घेतलं तर कडेला काळा रंग! वहिनींनी तीन दिवस अबोला धरला. पण क्रिंपिंगचा चिमटा मात्र आजोबांनी बरा घ्यायला लावला. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर उन्हात सैल होते, टेपचा गोंद वितळतो आणि हाताला चिकचिक. आपल्या एप्रिलात गाडी आतून कशी तापते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

कंपनीची वायर एक नाही कापली त्यानं. त्याला कपलर मिळतो, दोन-तीनशेचा, टेपच्या मागे खटकन बसतो. पिवळी म्हणजे कायम चालू, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर, काळी अर्थिंगची. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढला आणि सगळ्यात शेवटी लावला. फ्यूज बॅटरीपासून दोन वितींच्या आत. पत्र्याच्या भोकाला रबराचं बूच. काका तेव्हा गॅलरीतून बघत होते, रबराचं बूच पाहिलं आणि आत गेले.

आणि एवढं करून काय झालं असेल? इंजिन चालू केलं की गाण्याच्या मागे कुईंऽ कुईंऽ! ॲक्सिलरेटर दाबला की जास्त. काका लगेच खाली. पायात चपला एक निळी, एक काळी, इतक्या घाईत. "म्हटलं नव्हतं मी? स्वस्तातलं असंच असतं!" वहिनींचा चेहरा उतरला. बंटीचा तर पार पडला.

आजोबा दोनच शब्द बोलले. "अर्थिंग बघ." काळी वायर रंग दिलेल्या बोल्टवर कसली होती त्यानं. रंगातून करंट जातोय होय? पॉलिश पेपरनं रंग घासला, पत्रा चकचकीत केला, वायर हातभरच ठेवली आणि पुन्हा कसली. शिवाय गाण्याची बारीक केबल करंटच्या जाड वायरीला चिकटून गेली होती, ती उचलून दुसऱ्या बाजूच्या दारापासून नेली. पुन्हा इंजिन चालू. कुईं गायब! काका म्हणाले, "हं, ठीक आहे," आणि गेले. चपला तशाच.

बेस मात्र पोकळ वाटत होता. तेव्हा वहिनींनी, हो, वहिनींनीच, घड्याळातला पेन्सिल सेल काढून दिला. आजोबांनी स्पीकरच्या वायरी सोडवून एकेकीला तो टेकवला. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की पडदा बाहेर उडी मारतो. मागचा डावा आत गेला. त्याच्याच वायरी उलट्या! बदलल्या, आणि मग काल तुम्ही ऐकलंत ते.

आता आमच्या ह्यांच्याही अंगात आलंय. सकाळपासून वायरींचे तुकडे काढून ब्लेडनं खरवडत बसलेत. बरं, तुमच्याकडे दहाचा पाना आहे ना? बॅटरीचा मायनस काढायचाय. द्या ना जरा, रविवारी परत करते.