जिवंतपणीचा पितृपक्ष

अमेरिकेतला 'हिस्पॅनिक वारसा महिना' चक्क महिन्याच्या मध्यावर सुरू होतो: 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. ग्वाटेमालापासून कोस्टा रिकापर्यंत पाच देशांचा स्वातंत्र्यदिन 15 सप्टेंबरला, मेक्सिकोचा 16 ला. मग 1 तारखेची वाट कोण बघतो? 1968 साली हा नुसता आठवडा होता, 1988 मध्ये त्याचा महिना झाला. साधारण याच सुमारास आपला पितृपक्ष येतो. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या आमच्या गल्लीत शेजारी बापाच्या नावाने मेजवानी घालतात आणि आम्ही बापाच्या नावाने कावळा शोधत फिरतो. फरक इतकाच, की त्यांचा बाप मेजवानीला हजर असतो.

शेजारणीचे 'अपा', म्हणजे वडील, मेक्सिकोतल्या मिचोआकानहून सॅलिनासच्या खोऱ्यात लेट्युसच्या शेतांत राबायला आले. तेव्हा मजुरांच्या हाती आखूड दांड्याचं खुरपं असे. दिवसभर कमरेत वाकल्याशिवाय ते चालवताच येत नसे. कॅलिफोर्नियात 1975 मध्ये त्यावर बंदी आली, तोवर अपांची कंबर कामातून गेली होती. लेक आज मुख्याध्यापिका आहे. मेजवानीत नातवंडं "बोला, बोला" करतात. अपा उठतात, सगळ्यांकडे बघतात आणि म्हणतात, "जेवा, टॉर्टिया गार होतायत." संपलं भाषण.

माझ्या भाषणाला मात्र मध्यंतर लागतं. मी वाय-टू-केच्या लाटेत आलो. दोन आकडी सालांना चार आकडी करणं हे माझं जीवितकार्य. दोन बॅगा, एक कुकर, कस्टमवाल्याने हुंगून पाहिलेला गोडा मसाला... इथवर आलो की पुढचं वाक्य मुलगीच म्हणून टाकते. "आणि हा सगळा त्याग एसीत झाला," एवढी पुरवणी बायको जोडते.

परवा मुलाला होसे हर्नांडेझची गोष्ट सांगितली. हाही मिचोआकानहून आलेल्या शेतमजुरांचा मुलगा. 1972 मध्ये टीव्हीवर अपोलो 17 बघून पोरगा म्हणाला, मी अंतराळवीर होणार. तिसरीपर्यंत शिकलेल्या बापाने ते हसण्यावारी न नेता त्याला पाच गोष्टी सांगितल्या. पुढे नासाने 11 वेळा नाकारलं, तरी 2009 मध्ये तो 'डिस्कव्हरी'तून अंतराळात जाऊन आला. तात्पर्य सांगायला मी घसा खाकरला, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, त्याच्या वडिलांनी पाचच गोष्टी सांगितल्या?"

माझं मत आता पक्कं झालंय. त्यागाचा हिशेब मुलांनी ठेवावा. बापाने ठेवला की त्याचं बिल होतं. पण बापांनी तोंड मिटावं असं वाटत असेल, तर मुलांनी हिशेब वेळेवर करायला हवा. तेव्हा वाचकहो, वडील हयात असतील तर कावळ्याच्या भरवशावर राहू नका. खीर-वडे अशुभ वाटत असतील तर श्रीखंड-पुरी करा, पण ताट यंदाच त्यांच्यापुढे ठेवा. ताट संपेपर्यंत ते त्यागाबद्दल अवाक्षर काढणार नाहीत, एवढी हमी मी स्वानुभवावरून देतो.