सगळे मैल मोटरवेचेच!

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात २०१२ची बीएमडब्ल्यू ५३०डी टूरिंग दीड लाख मैल पळालेली असते. पण विकणाऱ्याची ग्वाही असते, सगळे मैल मोटरवेचे! गाडी कधी शाळेपुढे थांबलीच नाही. मागच्या सीटच्या फटीतला बिस्किटांचा चुरा बहुधा वाऱ्याने आला. गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, पण मुलगी पसंत पडल्यावर पत्रिका कोण बघतो? शिवाय या गाडीची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला. तिला हात लावायचा तर आधी गाडी अर्धी खोला. त्यात गाडी युरो ६ या प्रदूषण-मानकात बसत नसेल, तर लंडनमध्ये चालवाल त्या दिवशी साडेबारा पौंड वेगळे. आणि घेणारा घरी ठासून सांगतो, "डिझेल आहे, पैसे वाचतील!"