नोकरी सोडणाऱ्यांनी लिहावयाच्या निरोपपत्राविषयी काही सूचना

पत्र कसे लिहावे याचे शास्त्र ज्या भाषेत यादवकाळापासून सिद्ध आहे, हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांनी जिच्यातील कारकुनांच्या पिढ्यांना मायन्यापासून मोर्तबापर्यंतचा रिवाज शिकवला, आणि मुलाने बापास, जावयाने सासऱ्यास व ऋणकोने सावकारास कोणत्या शब्दांनी आरंभ करावा याचा तपशील जिच्यात केव्हाच ठरून गेला, त्या मराठी भाषेत नोकरी सोडून जाणाऱ्या इसमाने मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांस काय लिहावे याविषयी एकही प्रमाणभूत प्रकरण नसावे, ही खेदाची गोष्ट होय. मात्र तिचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडील जुनी चाकरी बहुतांशी वतनाची होती. कुळकर्ण आणि देशपांडेपण बापाकडून मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे चालत आले, १९५० साली मुंबई सरकारने कायदा करून ती वतने खालसा केली तेव्हा कोठे ती हातची सुटली. आणि जो इसम देह ठेवीपर्यंत दफ्तर ठेवीत नसे, त्यास निरोपपत्राची गरज पडण्याचा संभवच नव्हता. आता काळ पालटला आहे. एकाच कचेरीत पाच वर्षे काढणाऱ्याकडे हल्ली लोक काळजीने पाहतात. तेव्हा ही उणीव भरून काढण्याचा अल्पसा प्रयत्न येथे केला आहे.

आरंभीच एक तत्त्व ध्यानी धरावे. बाळाजी आवजी चिटणीसांनी शिवाजी महाराजांसमोर कोऱ्या कागदावरून संपूर्ण पत्र वाचून दाखवल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. निरोपपत्र लिहिणाऱ्यास नेमकी याच्या उलट सिद्धी साधावयाची असते: कागद पुरता भरलेला असावा, आणि वाचणाऱ्यास तो कोरा वाटावा.

मुहूर्त

सरकारी नोकरास मुहूर्ताची विवंचना नाही, कारण त्याचा मुहूर्त शाळेत नाव घालतानाच मास्तरांनी काढून ठेवलेला असतो. ज्यांची जन्मतारीख घरी कोणास नक्की ठाऊक नव्हती अशा महाराष्ट्रातील असंख्य मुलांचा जन्म गुरुजींच्या लेखणीने १ जून रोजी झाला. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेल्याने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हावे असा नियम असल्याने, वयाची ५८ वर्षे भरत येताच ही सारी मंडळी ३१ मे या एकाच दिवशी सेवामुक्त होतात, आणि शाल-श्रीफळाच्या दुकानात चार कचेऱ्यांचे शिपाई एकमेकांस भेटतात.

खाजगी नोकराचे तसे नाही. राजीनामा दिल्यापासून सुटका होईपर्यंत एक ते तीन महिन्यांची जी मुदत असते, तीत तो त्रिशंकूसारखा लोंबकळत राहतो. बैठकीस त्यास बोलावतात, परंतु मत विचारीत नाहीत, आणि त्याने ते आपण होऊन दिले तर सर्वजण मोठ्या सहानुभूतीने मान डोलावतात. या मुदतीच्या आरंभी पत्र धाडले, तर ‘जाता जाता एवढे करून जा’ या सबबीखाली तीन माणसांचे काम अंगावर येते. अगदी अखेरीस धाडू म्हटले, तर संगणकाचा पासवर्ड दुपारीच रद्द होतो आणि पत्र मसुद्यातच राहते. म्हणून देणेबाकी नसल्याच्या दाखल्यावर शेवटची सही झाल्यानंतर आणि लॅपटॉप जमा करण्यापूर्वी जो चिंचोळा अवकाश मिळतो, तोच या कार्यास प्रशस्त समजावा.

मायना

पूर्वी मायन्यावरून मनुष्याचा हुद्दा, वय आणि नाते हे तिन्ही कळत असे. राजमान्य राजश्री कोणास, तीर्थस्वरूप कोणास, चिरंजीव कोणास, यात तिळमात्र घोटाळा होत नसे. ईमेलने ही सर्व उतरंड एका फटक्यात मोडून काढली असून ‘प्रिय सहकारी मित्रहो’ या एका छत्राखाली संचालकांपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सर्वांस उभे केले आहे. पत्र कोणाकोणास जावे हा मात्र विवेकाचा प्रश्न आहे. उतावळे लोक ‘सर्व कर्मचारी’ या यादीवर बोट ठेवून मोकळे होतात, आणि मग ज्याने आपले तोंडही पाहिलेले नाही असा दूरच्या शाखेतील कोठीवाला ‘तुमची उणीव सदैव भासेल’ असे उत्तर सर्वांस धाडतो, त्यास दुसरा अनुमोदन देतो, तिसरा हात जोडल्याची चित्रे पाठवतो, आणि संध्याकाळपर्यंत कचेरीचे काम ठप्प होऊन आपल्या जाण्याने प्रथमच कोणाचे काही अडले, असे समाधान लाभते.

साहेबांस स्वतंत्र पत्र लिहावे. मजकूर तोच ठेवून ‘आपल्या मार्गदर्शनाखाली’ हे शब्द तीन ठिकाणी घालावेत म्हणजे पुरे.

कारण

नोकरी का सोडली याचे उत्तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांत द्यावे, आणि तिसरा शब्द लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वास्तविक ते कारण वैयक्तिक मुळीच नसते. पगारवाढीच्या यादीत आपले नाव कितवे होते, कानामागून आलेला कोण तिखट झाला, आणि डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडताना आपली काय दशा होत असे, हे उभ्या कचेरीस तोंडपाठ असते. नव्या ठिकाणी किती पगार मिळणार हा आकडाही चहाच्या टपरीवर आपल्या आधी पोहोचलेला असतो, व बहुधा तो खऱ्यापेक्षा थोडा चढाच असतो. असे असूनही झाकली मूठ उघडू नये. सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट कोणासही ठाऊक नसल्यासारखी लिहिणे, आणि त्यांनी ती तशीच वाचणे, यातच सभ्य समाजाचे सौख्य सामावलेले आहे.

सत्यकथनाची उबळ अनावरच झाली, तर ते पत्र अवश्य लिहावे, मनसोक्त लिहावे, त्यात सालवार दाखले द्यावेत, आणि ते घरच्या कपाटात कुलूपबंद करावे. असे पत्र धाडणाऱ्याची लोक जिन्यात पाठ थोपटतात हे खरे, ‘बरे झाले, कोणी तरी बोलले’ असेही कुजबुजतात; परंतु त्या पत्राची छायाप्रत नव्या कचेरीत त्याच्या आधी रुजू होते आणि पाठ थोपटणारे त्या सुमारास नेमके रजेवर असतात.

आभार

या भागात अनेकांची कारकीर्द अखेरच्या क्षणी काळवंडली आहे. नावे घेऊन आभार मानू लागले की यादी वाढते, यादी वाढली की एक नाव राहते, आणि जे राहते ते नेमके त्या गृहस्थाचे असते ज्यांनी आपली रजा सात वेळा सांभाळून घेतली. म्हणून नावे मुळी घेऊच नयेत. किंवा घ्यावयाचीच तर कृतज्ञता ही येणे रकमेच्या प्रमाणात असावी, हा सुवर्णनियम पाळावा. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेल्या हिशेबाप्रमाणे पाच वर्षे सलग सेवा झालेल्यास दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळावयाचे असते. भविष्यनिर्वाह निधी इकडचा तिकडे वर्ग व्हावयाचा असतो. शिल्लक रजेचे पैसे, प्रवासखर्चाची जुनी बिले आणि अनुभवाचा दाखला यांचे भवितव्य लेखा आणि आस्थापना या दोन विभागांतील दोन टेबलांवर अवलंबून असते. जो मनुष्य सर्वांच्या स्नेहाचा मोघम उल्लेख करून ही दोन टेबले विसरतो, त्याच्या हिशेबात पुढील आठ महिने काही ना काही त्रुटी निघत राहते. कायदा आपल्या बाजूस असतो, पण जावक क्रमांक त्या टेबलाच्या बाजूस असतो.

चहा आणून देणाऱ्या मुलाचे आभार तोंडी, आणि पाकिटात घालून मानावेत. तो ईमेल वाचीत नाही.

अलंकार

‘येथे मला पुष्कळ शिकावयास मिळाले’ हे वाक्य निर्धोक आहे. काय शिकावयास मिळाले असे आजवर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ‘ही कचेरी नसून एक कुटुंबच होते’ हे वाक्य मात्र जपून वापरावे, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपापली कुटुंबे आठवतात. स्वतःच्या कर्तबगारीची जंत्री देऊ नये. आपण गेल्यावर ती कामे कोणी केली असे सांगितले जाईल, याची पुरेशी कल्पना असणे हेच प्रौढपणाचे लक्षण होय.

शेवटी अभंग, शेर वा सुभाषित घालण्याची प्रथा फोफावली आहे. काही भाविक तर पसायदानाचाच आधार घेतात. त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की ज्ञानेश्वरांनी नऊ हजार ओव्यांचा वाग्यज्ञ पुरा केल्यानंतर ते मागितले. ज्याने मासिक अहवालाखेरीज काही लिहिलेले नाही, त्याने ‘लोभ असावा’ एवढ्यावर थांबणे शोभून दिसते.

ताजा कलम

येथवरचा मजकूर कोणीही वाचीत नाही, हे आता सांगावयास हरकत नाही. तो नसता तर मात्र सर्वांच्या ध्यानात आले असते. एवढ्यासाठीच तो लिहावयाचा. जे वाचले जाते ते त्याच्या खाली असते, आणि म्हणून नमुन्यादाखल संपूर्ण मसुदा येथे देतो.

‘प्रिय सहकारी मित्रहो, वैयक्तिक कारणास्तव मी आजपासून संस्थेच्या सेवेतून मुक्त होत आहे. येथील वास्तव्यात मला पुष्कळ शिकावयास मिळाले. आपणां सर्वांच्या, विशेषतः लेखा व आस्थापना विभागांच्या, आजवरच्या आणि यापुढील सहकार्याबद्दल मी ऋणी आहे. लोभ असावा, ही विनंती.

ता. क. पोलादी कपाटाची दुसरी किल्ली खिडकीमागच्या खिळ्याला आहे. तिसरा खण नुसता ओढू नये. आधी किंचित उचलावा, मग ओढावा. वाहतूकदाराकडून पावत्या हव्या असल्यास जेवणाच्या सुटीनंतर फोन करावा, सकाळी तेथील बाई बँकेत गेलेल्या असतात. मार्चअखेरच्या ताळ्यात सतरा रुपयांचा फरक येतो तो फार जुना आहे; शोधीत बसू नये. नव्याने येईल त्यास पहिला आठवडा कोणी जेवावयास बोलावीत नाही. बोलवावे.’

शिस्तप्रिय मंडळी म्हणतील की हा तपशील कार्यभार सोपवण्याच्या यादीत जावयास हवा. त्यांचे म्हणणे नियमास धरून आहे; पण ती यादी फायलीत जाते आणि ती फाईल त्याच तिसऱ्या खणात असते. वरच्या पाच ओळी मात्र कोणी तरी छापून कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवतो, आणि सतरा रुपयांसाठी ज्याचा एक रविवार वाचला, तो पत्रलेखकास कधी न पाहताही चांगला माणूस म्हणतो. सर्व निरोपपत्रांत मिळून सहकाऱ्यांविषयीचा खरा जिव्हाळा आढळलाच, तर तो याच जागी आढळतो. इतरत्र त्यास नियमाने मज्जाव आहे.

पाठवल्यानंतर

पत्र धाडताच तडक निघावे. निरोप घेऊन झाल्यावर विसरलेल्या डब्यासाठी परत येणारा मनुष्य दुसऱ्यांदा भेटतो तेव्हा कोणास काय बोलावे ते सुचत नाही, आणि तिसऱ्यांदा लिफ्टपाशी भेटला तर लोक जिन्याने जातात.

अखेरची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. राजीनामा अमलात येईपर्यंत तो मागे घेता येतो, आणि आयत्या वेळी साहेबांनी पगार वाढवून मनधरणी केल्यामुळे तो मागे घेतल्याची उदाहरणे थोडी नाहीत. निरोपपत्र मात्र मागे घेण्याची तरतूद कोणत्याही सेवानियमांत नाही. ज्याने डोळे पुसून सर्वांचा लोभ मागितला, वर्गणीतून आलेले घड्याळ स्वीकारले, आणि जो सोमवारी पावणेदहास आपल्याच खुर्चीवर येऊन बसला, त्यास पुढील कित्येक महिने प्रत्येकजण वेळ विचारतो. तस्मात्, राजीनामा मंजूर झाल्याचा कागद, त्यावरील सही, शिक्का व तारीख तपासून प्रथम ताब्यात घ्यावा, गहिवर त्यानंतर.