सॅमकाकांची पुतणसून

अमेरिकन सैनिकाला जपानात उतरायला पासपोर्ट लागत नाही आणि व्हिसाही लागत नाही. खिशातलं ओळखपत्र आणि हातातला लष्करी हुकूम एवढ्यावर भागतं. १९६० च्या अमेरिका-जपान करारातच तशी सोय करून ठेवली आहे. तर सॅमकाकांचा असा एखादा पुतण्या ओकिनावाच्या कडेना तळावर बूट वाजवत उतरतो, दोन-तीन वर्षं राहतो आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न करतो. इथवर सगळं बिनबोभाट. मग परतीचा हुकूम निघतो. पुतण्या कळवतो, बायकोला घेऊन घरी येतोय. आणि काकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ही कोण?

वास्तविक काका तिला चांगलंच ओळखतात. लग्नाचा दाखला बघून लष्कराने तिचं नाव कधीच दप्तरी लावलेलं असतं. तिला ओळखपत्र मिळालेलं असतं. ते दाखवून ती तळावरच्या दुकानातून दूध-अंडी आणते, तळावरच्या दवाखान्यात औषध घेते. पण ते झालं संरक्षण खातं. तिला अमेरिकेत न्यायचं तर अर्ज गृहसुरक्षा खात्याचा, व्हिसा परराष्ट्र खात्याचा. एकाच घरातले हे तीन भाऊ, पण एकाने सून म्हणून मानलेली बाई दुसऱ्याच्या दारात तिऱ्हाईत.

अर्जाचं नाव आय-१३०. परदेशी तळावरच्या सैनिकाला तो जवळच्या दूतावासात देता येतो, ही सवलत आहे, नाकारू नये. लग्नाच्या दाखल्याने मात्र काकांचं समाधान होत नाही, कारण दाखल्यावरून लग्न झालं एवढंच कळतं; ते खरं आहे का, हे कुठे कळतं? म्हणून बँकेतलं जोडखातं दाखवा, दोघांच्या नावाचा घराचा करार दाखवा, फोटो दाखवा. एकत्र राहत असल्याचा पुरावा असेल तर फारच उत्तम. आता पुतण्या सहा-सहा महिने बायकोजवळ नसतो, कारण काकांनीच त्याला जहाजावर घालून समुद्रात धाडलेलं असतं, ही गोष्ट वेगळी. मग बिचारी फोनवरच्या गप्पांचे कागद छापून फायलीला लावते. ‘जेवलास का?’, ‘हो’, ‘काय?’, ‘तेच’. एवढा नीरस संवाद खऱ्या नवरा-बायकोचाच असणार, हे कुठल्याही संसारी अधिकाऱ्याने ताडावं.

यातला मला सर्वात आवडलेला कागद म्हणजे पोशिंद्याचं प्रतिज्ञापत्र. बायको उद्या सरकारच्या गळ्यात पडणार नाही, याची हमी नवऱ्याने द्यायची. साध्या नागरिकाची कमाई त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावी लागते. सैनिकाला सूट आहे: त्याला १०० टक्के पुरतात. म्हणजे पगार देणारे काका, पगाराची चिठ्ठी मागणारे काका, आणि आपल्या पगारात माणूस दारिद्र्यरेषेला टेकला तरी चालवून घेऊ, असं मोठ्या मनाने सांगणारेही काकाच.

काकांचा हा स्वभाव जुनाच. महायुद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, त्यांनी सैनिकांच्या परदेशी बायकांसाठी खास कायदा केला. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘अर्जेंटिना’ नावाचं जहाज ब्रिटनहून ४५२ नवऱ्या घेऊन न्यूयॉर्कला लागलं, तेव्हा केवढं कौतुक झालं! त्या कायद्याने आजारपणाकडेसुद्धा काणाडोळा केला होता. वंशाकडे मात्र नाही. जपानी बायकोला दार बंदच. १९४७ च्या जुलैत काका थोडे विरघळले आणि त्यांनी मुहूर्त काढून दिला: कायदा झाल्यापासून तीस दिवसांच्या आत ज्यांची लग्नं लागलेली असतील, त्यांच्यापुरता वंश बघणार नाही. एकतिसाव्या दिवशी प्रेमात पडलेल्यांनी आपलं नशीब बघावं.

आणि गोरी असून तरी काय? एलन क्नाउफ ही जर्मनीत जन्मलेली बाई. युद्धात ब्रिटिश हवाई दलात इमानाने राबलेली, नंतर जर्मनीतच अमेरिकन खात्यात नोकरीला. नवरा अमेरिकन, लष्करातून सन्मानाने सुटलेला. लग्न झालं तेही फ्रँकफर्टच्या सेनापतीची परवानगी घेऊन. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ती न्यूयॉर्कला पोचली आणि तिला एलिस बेटावर अडकवलं. का, ते गुपित. सुनावणी नाही. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की दाराबाहेरच्या माणसाला कारण विचारायचा हक्क नाही. वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला तेव्हा सुनावणी झाली, आणि ते भलंमोठं गुपित ऐकीव गोष्टींचं निघालं. १९५१ च्या नोव्हेंबरात बाई आत आल्या.

हे शीतयुद्धातलं म्हणून सोडून द्यावं, तर २००८ सालचं घ्या. ओकिनावातली एक मुलगी आणि तिचा मरीन, वर्षाहून अधिक काळ एकत्र. तो इराकला गेला, तिला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा दोघांनी फोनवरून लग्न केलं. महिन्याभरात तो तिथे मारला गेला. लष्कराने तिला रीतसर विधवा मानलं. स्थलांतराच्या कायद्याने मात्र पत्नी मानलं नाही. १९५२ चं एक कलम सांगतं, की वधूवर एकमेकांसमोर नसताना लागलेलं लग्न पुढे शरीरसंबंध झाल्याखेरीज धरायचं नाही. पोटातलं मूल लग्नाआधीचं, सबब ते पुराव्यात बसत नाही. लग्नानंतर भेटायला नवरा काही इराकमधून जिवंत परतला नाही, आणि त्याला तिथे कुणी पाठवलं होतं, हा रकाना अर्जात नसतो.

शेवटी २०१० च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी त्या एकटीसाठी वेगळा कायदा केला, राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली आणि तिचा मार्ग मोकळा झाला. ते कलम तसंच ठेवलं आहे. पुढच्या विधवेने पुन्हा संसदेकडून आपल्यापुरता कायदा करून आणावा.