यादीवाले शेठ

खामगावच्या सराफ्यात काही दुकानांत चांदीआधी गिऱ्हाइकाचं वजन होतं. मोबाईल, ईमेल, जन्मतारीख, लग्नाची तारीख. जोडव्यांच्या एका जोडीसाठी इतकी माहिती कशाला, असं कोणी विचारत नाही. समोर लकी ड्रॉचं कूपन असतं आणि ड्रॉमध्ये मिक्सर. हे यादीवाले शेठ चिखलीला बियाण्यांच्या दुकानात सापडतात, मलकापूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्येही. पण चांदीवाले जास्त मुरलेले.

लग्नपत्रिका हाती आली की आपण मुहूर्त बघतो, शेठ तळाचे नंबर बघतात. शेगावला दर्शनबारीत उभं असताना पुढच्या-मागच्यांशी जी ओळख होते, ती संध्याकाळपर्यंत यादीत चढलेली असते. महाराजांच्या दारी झालेल्या ओळखीला संमती काय विचारायची!

मग ईमेलनं पत्रं सुटतात. धनत्रयोदशी, पाडवा ठीक आहे. पण अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीतही येतं, आणि त्याखाली घडणावळीत सूट. भाकितात पाऊस कमी असो की जास्त, सूट तेवढीच. सगळ्यांचे पत्ते एकाच ओळीत उघडे, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता मिळतो. त्यातून दोन सोयरिकी जुळल्या, असं शेठ अभिमानानं सांगतात.

एसएमएसचा नाद त्यांनी केव्हाच सोडला. ट्रायच्या 2018च्या नियमांनी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर आधी नोंदवायला लावला, वर 1909 क्रमांकावर तक्रारीची सोय. (शेठच्या स्वतःच्या मोबाईलवर अर्थातच जाहिराती बंद आहेत. लोक फार त्रास देतात म्हणे.) ईमेलच्या वाटेवर असं फाटक नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं. पुढे 2024च्या फेब्रुवारीपासून जीमेलनं नियम लावला की दिवसाला 5,000च्या वर जाहिराती पाठवणाऱ्यानं एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय द्यावी. तेव्हापासून शेठ 4,900वर थांबतात. उरलेल्यांना उद्या.

पुण्यात संगणकात काम करणारा भाचा लग्नसराईत आला, तो कायदा घेऊनच. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. संमती मोकळेपणानं दिलेली आणि नेमक्या कामापुरती हवी. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड 250 कोटींपर्यंत. आकडा ऐकून शेठ प्रथमच गादीवर सरळ बसले. मग कळलं की नियम 2025च्या नोव्हेंबरात निघाले आणि बहुतेक गोष्टींना दीड वर्षाची मुदत आहे. म्हणजे एक दिवाळी आणि दोन अक्षय्यतृतीया. शेठ पुन्हा लोडाला टेकले.

"मामाजी, संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती वापस घेणंही सोपं पाहिजे."

"बराबर हाय न! दुकानात येऊन देल्ली, दुकानात येऊन वापस घ्यावी."

दुसऱ्या दिवसापासून पत्राच्या तळाशी ओळ आली : नाव कमी करण्यासाठी प्रत्यक्ष भेटावे, चहाची सोय आहे. एखादा खरोखर जातो. शेठ उठून उभे राहतात, हात धरून बसवतात. "काहून जी, काही चुकलं काय आमचं?" यावर माणूस काय बोलणार? तो चहा पितो, खजील होतो, करंडा घेतो आणि निघताना नवं कूपन भरून देतो. नाव कमी झालेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

शेवटी भाच्यानं यादीतल्या मृतांचा विषय काढला. वारलेल्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा जातात, हे काही बरं दिसत नाही. "त्यायचा पोरगा वाचते न," शेठ म्हणाले. भाचा चिडून म्हणाला, कायद्यात त्याचीही तरतूद आहे. आपल्यामागे हे हक्क कोणी वापरायचे, त्याचं नाव माणसाला आधीच नेमता येतं.

शेठनी ते लक्ष देऊन ऐकलं. आता कूपनावर एक जादा रकाना छापलेला आहे : वारसाचं नाव, मोबाईल, ईमेल.