फक्त दोनच शिल्लक!

साड्या विकणाऱ्या वेबसाइटवर 'फक्त २ शिल्लक' अशी लाल पट्टी दिसली की तो आकडा आला कुठून, हे विचारायला हवं. दुकानदार म्हणेल, कॉम्प्युटर दाखवतो. कॉम्प्युटर आपल्या मनाने काहीही दाखवत नाही. कुणीतरी खुर्चीत बसून ते लिहिलेलं असतं. मी वेबसाइट बांधण्याचंच काम करतो, त्यामुळे त्या पट्टीमागे काय असतं ते मी पाहिलं आहे. पुष्कळ ठिकाणी गोदामातल्या मालाशी तिचा काडीचा संबंध नसतो. एका ओळीचा कोड असतो: एक ते पाचमधला कुठलाही आकडा उचल आणि ग्राहकाला दाखव. कपाटात साठ साड्या असल्या तरी पट्टी दोनच सांगते.

हे खोटं आहे, आणि ते हाताने टाइप केलेलं आहे.

मागच्या दिवाळीआधी आपल्याच छत्रपती संभाजीनगर शहरातल्या एका व्यापाऱ्याला अशी पट्टी हवी होती. शिवाय दहा मिनिटांचं उलटं घड्याळ हवं होतं, आणि 'आत्ताच नाशिकहून एका ताईंनी ही साडी घेतली' अशी मधूनच डोकावणारी चौकटही. तशा कुणी ताई नव्हत्याच. "सगळेच करतात," असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं, काम दुसरीकडे गेलं. त्या महिन्याचा घरखर्च बायकोने आणि मी बसून पुन्हा मांडला. या धंद्यातल्या तरुण मुलांना 'नाही' म्हणणं का जड जातं, हे मला चांगलं कळतं. घराचा हप्ता असतो, शाळेची फी असते. पण 'क्लायंटने सांगितलं म्हणून केलं' हे उत्तर मला मान्य नाही. खोटा जमाखर्च लिहिणाऱ्या मुनीमाला आपण असं सोडत नाही.

आणि कायदाही याला खोटंच म्हणतो. अशा फसव्या रचनांना 'डार्क पॅटर्न' हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० साली दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून असे तेरा प्रकार नावानिशी नोंदवले आणि त्यांना बंदी घातली. खोटी घाई दाखवणं त्यात पहिलंच आहे. न मागितलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात घालणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्यं लिहिणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात पानं ठेवणं, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करत शेवटच्या पानावर भलतीच बेरीज दाखवणं, हे सगळं त्या यादीत येतं. त्याआधी जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीच संमतीच्या चौकटीत आधीपासून बरोबरची खूण करून ठेवायला मनाई केली होती. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचं कौतुक लिहिणंही त्याच नियमांनी बंद केलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मी व्यापाऱ्यांना सांगतो तेव्हा पुष्कळांना हे नियम फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहेत असं वाटतं. तसं अजिबात नाही. भारतात ऑनलाइन माल विकणाऱ्या लहानमोठ्या सगळ्यांना ते लागू आहेत.

माझ्या आईने गुलमंडीत कधी पहिल्या फेरीत साडी घेतलेली मला आठवत नाही. ती गादीवर बसणार, दहा साड्या उलगडायला लावणार, पदर उलटा करून बघणार, दारापर्यंत उजेडात नेणार, भाव करणार, 'येते परत' म्हणून उठणार आणि औरंगपुऱ्यापर्यंत आणखी दोन दुकानं पालथी घालणार. दुकानदारही हे जाणून असतो, चहा मागवतो. हीच बाई मोबाइलवर लाल पट्टी बघते आणि चटकन पैसे भरून टाकते. आयुष्यभर कमावलेली पारख तिच्यापाशी आहेच, पण ती वापरायला लागणारा वेळच त्या पट्टीने काढून घेतलेला असतो. खोट्या घाईचा सगळा उद्देश तोच आहे. माझ्या मुलीने परवा आजीच्या मोबाइलवर असलंच एक घड्याळ शून्यावर जाताना पाहिलं. पान पुन्हा उघडलं तर घड्याळ परत दहा मिनिटांवर. तिने विचारलं, "बाबा, मग आधीचं खोटं होतं का?" सहावीतल्या मुलीला जे दिसतं ते मोठ्या माणसांना दिसत नाही असं नाही. आपण सवय करून घेतली आहे.

या शहरात हा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण इथून विकलं जाणारं वस्त्र साधं नाही. पन्नास किलोमीटरवर पैठण. शहरात हिमरू, सुती ताण्यावर रेशमी बाणा चढवून विणलेलं. त्याची परंपरा लोक थेट तुघलकाने १३२७ साली दौलताबादला राजधानी हलवली त्या काळाशी जोडतात. आज हातमागावर खरा हिमरू विणणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तरी यंत्रमागावरची साडी 'अस्सल पैठणी' या नावाने ऑनलाइन सर्रास खपते. यंत्रमागावरच्या साडीला सेमी पैठणी म्हणून विकलं तर माझी काहीच तक्रार नाही. ती स्वस्त असते, दिसायला छान असते, आणि ज्या घराला हातमागाची पैठणी परवडत नाही तिथे लग्नात ती आनंदाने नेसली जाते. फक्त तिला सेमी म्हणा.

आता यात वेबसाइटवाल्याचा काय संबंध? पुष्कळ आहे. हातमागाच्या पैठणीचा पदर विणताना विणकर प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या नक्षीपुरताच फिरवतो आणि शेजारच्या रंगात गुंतवतो. म्हणून मोर, मुनिया, कमळ, आसावली दोन्ही बाजूंनी सारखीच उमटते. यंत्रमागाच्या साडीच्या मागच्या बाजूला मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. म्हणजे खरंखोटं ठरवणारा पुरावा पदराच्या पाठीवर असतो, आणि नेमका तोच फोटो बहुतेक वेबसाइटवर मला सापडत नाही. मॉडेलचे आठ फोटो असतात, पदर झुळझुळतानाचा व्हिडिओ असतो, उलट्या बाजूचा एकही नाही. तो फोटो टाकायची जागा बांधणं हे माझं काम आहे. मी ती सक्तीचा रकाना म्हणून बांधतो. उलट्या बाजूचा फोटो चढवल्याशिवाय पैठणी म्हणून साडी पानावर जातच नाही. एक-दोन व्यापारी सुरुवातीला कुरकुरले. ज्यांच्याकडे माल खरा होता त्यांची कुरकुर लवकर थांबली.

रंगाचंही तसंच. पैठणीचे धूपछाव रंग ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे हलतात. स्टुडिओतल्या दिव्याखाली ते निराळे दिसतात, दिवसाच्या उजेडात निराळे. दिवसाच्या उजेडातला एक फोटो हवाच. 'लोक माल परत फार करतात' ही व्यापाऱ्यांची मोठी ओरड असते. परत आलेल्या पार्सलची कारणं मी त्यांना काढून दाखवतो: रंग वेगळा निघाला, कापड वेगळं निघालं. फोटो खरा असता तर ही पार्सलं एक तर गेलीच नसती, नाहीतर परत आली नसती.

आणि गंमत म्हणजे खऱ्या पैठणीला खोट्या पट्टीची गरजच नाही. हातमागावरची साडी विणायला महिनोन्‌महिने जाऊ शकतात. त्याच रंगाची, त्याच नक्षीची दुसरी बहुधा नसतेच. तिथे 'ही एकच आहे' असं लिहिलं तर ते शंभर टक्के खरं असतं. एकच साडी असली की कोडमध्ये खरा पेच उभा राहतो: दोन गिऱ्हाइकांनी एकाच वेळी पैसे भरायला घेतले तर? मग पहिल्याने बटण दाबताच साडी काही मिनिटं त्याच्या नावावर राखून ठेवावी लागते, आणि पैसे आले नाहीत तर पुन्हा मोकळी करावी लागते. इथे घड्याळ लावायला हरकत नाही, कारण ते खरं घड्याळ आहे. त्याचा हिशेब सर्व्हरवर चालतो, पान पुन्हा उघडलं म्हणून तो मागे जात नाही. वेळ संपली की साडी खरोखरच दुसऱ्याला मिळते. हे बांधायला कष्ट पडतात, खोटं घड्याळ अर्ध्या तासात होतं. फरक तेवढाच.

लहान दुकानात मालाची नोंद वहीत असते, ती रोज कॉम्प्युटरवर चढवणारा माणूस नसतो, हेही खरं. मग आकडाच दाखवू नका. 'उपलब्ध आहे का, फोन करून विचारा' एवढं लिहा. गिऱ्हाईक फोन करतं. माणसाशी बोललं की खरेदीही करतं, असा माझा अनुभव आहे.

चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत या शहरात कोड लिहिणारी पुष्कळ मुलं आहेत. कॉलेजातून बाहेर पडल्यावर पहिलं काम बहुतेकांना असंच मिळतं, ओळखीतल्या कुणाची तरी वेबसाइट. त्यांना माझी विनंती आहे, खोटी पट्टी लावायला सांगितली तर तेरा प्रकारांची यादी व्यापाऱ्यापुढे ठेवा आणि नाही म्हणा. चार जणांनी नाही म्हटलं की पाचव्याला म्हणणं सोपं जातं.

आणि वाचकहो, फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विक्रेत्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणं नियमाने बंधनकारक आहे. पण तिथपर्यंत जायची वेळच येऊ देऊ नका. पैठणी ऑनलाइन घेणार असाल तर पदराच्या उलट्या बाजूचा, दिवसाच्या उजेडातला फोटो मागा. विक्रेत्याने तो दिला नाही तर पैसे भरू नका, मग पट्टीवर कितीही शिल्लक असोत.